बेचाळीस किलो सरंगा

हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी लिलाव लागतो
तेव्हा वही माझ्या हातात असते.
कुठली होडी, कुठला मासा, किती किलो, कुणी घेतला.
चार रकाने. एवढंच माझं काम.

पण त्या चार रकान्यांच्या कडेनं
मी अख्खा बाजार मांडला होता :
मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन,
त्यात बर्फाच्या फॅक्टरीचा मॅनेजर,
डाव्या अंगठ्यानं दापोलीच्या व्यापाऱ्यांना भाव,
मधेच लेकीच्या फीचा ओटीपी,
डिझेलच्या कुपनांवर सह्या,
आणि तोंडानं क्रेट मोजणं चालूच :
सात, आठ, हां बोला साहेब, नऊ,
नाही हो, लाद्या चाळीसच सांगितल्या, दहा...

बायका हसायच्या,
हा सुधाकर म्हणजे नुसता माकूळ,
जिकडे बघावं तिकडे हात.
मला ते आवडायचं.
माकूळ गडबडला की शाई सोडतो,
हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

तिसऱ्या दिवशी कळलं.
'मत्स्यगंधा'चा बेचाळीस किलो सरंगा
मी 'जयलक्ष्मी'च्या नावावर लिहिला होता.
अक्षर सुरेख. कुठे खाडाखोड नाही.
चूक इतकी नीटनेटकी
की मी स्वतःच दोनदा तिच्यावरून पुढे गेलो.

नाखव्यांचं काय, पैसे इकडचे तिकडे झाले, चहा झाला.
पण तोवर वाटे पडले होते,
आणि दिलबहादूर खलाशी
त्याच पहाटेच्या एस.टी.नं गावाला निघून गेला होता,
कमी नोटा मोजून, काही न विचारता.
त्याला वाटलं असेल
यंदा दर्यानंच हात आखडला.

दोरकुळकर तांडेल भांडला नाही.
भांडला असता तर बरं झालं असतं.
नुसतं म्हणाला,
"तुझा बापूस खाडीच्या तोंडाशी शिंकायचा पन नाय."

आंजर्ल्याची खाडी. ओहोटी सरत आलेली.
खाली वाळूचा उंचवटा, वर फुटणारं पाणी.
बाबा विडी विझवायचे.
लाटांकडे नाही,
दोन लाटांच्या मधल्या जागेकडे बघत राहायचे
आणि होडीत कुणी चकार शब्द काढायचा नाही.
मी सात वर्षांचा. मी विचारलं,
बाबा, सुवर्णदुर्गात आता कोण राहतं?
उत्तर आलं अर्ध्या तासानं,
होडी मोकळ्या पाण्याला लागल्यावर :
"कुनी नाय."

त्या रात्री वही पहिल्या पानापासून तपासली.
फोनवरून वहीत परत यायचं
म्हणजे दर वेळी एक खाडी ओलांडायची,
आणि मी ती दिवसातून शंभर वेळा
ओलांडत होतो, बडबडत.
आणखी तीन चुका सापडल्या.
दोन बांगड्याच्या. एक कुणाची ते अजून कळलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी फोन घेतला नाही.
बर्फ तासभर उशिरा आला,
मॅनेजरनं माझ्या सात पिढ्या काढल्या,
कोळंबीचा भाव पडला तो माझ्यामुळे
असंही कुणीसं म्हणालं. असेल.

फोन ठेवायला कोरडी जागा कुठे नव्हती,
म्हणून रिकाम्या काट्यावर ठेवला.
आकडा आला : एकशे नव्वद ग्रॅम.
तो थरथरला तसा आकडाही थरथरला.
एकशे नव्वद, एकशे पंच्याऐंशी, एकशे नव्वद.

हिरूताई चोगले टोपली टेकवून वाकल्या,
नीट निरखून म्हणाल्या, "ताजा दिसतो. काय लावू?"
कुणीच बोली लावली नाही.

काटा मोकळा केला.
'गावदेवी'. बांगडा. अठरा किलो.
कुणी घेतला ते ऐकण्यासाठी
मी मान वर केली.